आंबटराव

लोणावळे,
रंगपंचमीचा दुसरा दिवस, १९३८

प्रिय आई,

शेजारची शालूबाई तुला हे पत्र वाचून दाखवायला बसली असेल तर आधी तिला दार लोटून घ्यायला सांग. शालूबाई, तू बोललीस की वेशीपर्यंत ऐकू जातं, आज जरा जात्यापाशी बसून हळू वाच. आबा घरात असतील तर पत्र तसंच घडी करून ठेव आणि ते मळ्याकडे गेले की मग काढ. आणि आई, तू मधे बोलू नकोस. चार वर्षं बोलली नाहीस, आता घटकाभर आणखी गप्प राहिलीस तर काही बिघडत नाही. मला सगळं ओळीने सांगायचं आहे, कारण मी आज भांडायलाच बसले आहे.

पहिली बातमी ही, की मला दिवस गेले आहेत. सहावा सरत आला. तुला हे ठाऊक नाही असं धरून लिहिते. अन्नाचा वास नको होतो, पण आंबट दिसलं की हात थांबत नाही. चिंच, आमसूल, कोवळी कैरी, काही म्हणून चालतं. परवा लिंबू चिरायला घेतलं आणि तुझी अशी काही आठवण आली की विळी बाजूला ठेवून बसून राहिले. आबांचं नाव लिंबाजी, म्हणून तू जन्मात कधी लिंबाला लिंबू म्हणाली नाहीस. आता सगळ्याच बायका नवऱ्याच्या नावाचा शब्द टाळतात, पण कोणी 'ते पिवळं' म्हणतं, कोणी 'ती फोड' म्हणतं. तू मात्र त्याला मानानं वागवलंस. आंबटराव! "अंबे, परसातनं दोन आंबटराव आन गं." मी लहानपणी तळेगावात वाण्याच्या दुकानी आंबटराव मागितला तेव्हा तो पोट धरून हसला होता. तोवर मला वाटायचं सगळं जग त्याला आंबटरावच म्हणतं. आबांची तब्येत खुशीत असली की तेही मला चिडवायचे, आंबटरावाची अंबू आली म्हणून. तो शब्द तुझ्या चुलीपासून आपल्या परसापर्यंतच होता. आपल्या वराळ्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी तो ऐकला नाही.

पुढचं शालूबाईला अर्धवटच ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात लिहिते. आंबी गावच्या त्या बिजवराला मी नको म्हटलं, त्याची बागायत मला दिसली नाही, त्याच्या कानातले केस तेवढे दिसले. मी लोणावळ्याला मामाकडे पळून आले आणि मामाने रेल्वेतल्या सांधेवाल्याशी माझं लग्न लावून दिलं. जातीचा, कष्टाळू, पण ना आई ना बाप ना वीतभर वावर. मामा तुझा सख्खा भाऊ, तेव्हा यात तुझं अंग असणारच असं आबांनी धरलं. देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा तुझ्या हातावर ठेवून त्यांनी तुझ्याकडून वदवून घेतलं. मामाने मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. "तिचं तोंड बघनार न्हाई, तिच्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाई, तिच्या घरचं पानी पिनार न्हाई." तू म्हणालीस आणि पाळलंस. मामाही गेल्या पावसाळ्यात गेला. म्हणजे बघ आई, मला रागावून जायला एक दार उरलं नाही. जे काही आहे ते हे एक घर आणि हा एक माणूस. तो हातचा गेला तर पोटातलं घेऊन मी कुठे उभी राहणार होते?

आणि दिवाळीपासून मला तेच भय लागलं होतं.

यांचा स्वभाव तुला सांगते. बोलणं कमी. यार्डात दिवसभर सांधे बदलतात, गाडी कुठल्या रुळावर जायची ते हे ठरवतात, पण घरी आले की भाजी कशी झाली एवढंसुद्धा विचारावं लागतं. अशा माणसाला दिवाळीनंतर बाजारच्या दिवशी घरी यायला उशीर व्हायला लागला. विचारलं तर म्हणे गाडी लेट होती. आमची चाळ यार्डाला लागून, गाडी लेट असली की आम्हाला आधी कळतं! मग एकदा खिशातून वाळल्या कैरीची, आंबोशीची पुरचुंडी निघाली. एकदा बाळंतशोपा. कुठून आणलं, तर म्हणे एका म्हातारीकडे मिळालं. पुरुषाला बाळंतशोपा आणि साधी बडीशेप यातला फरक कळतो का गं? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हे काही यांच्या डोक्यातून आलेलं नाही, यामागे बाई आहे.

त्यात शेजारची झुंबरबाई. तिचं एक पाऊल स्वतःच्या घरात आणि एक आमच्या. ती एकदा पीठ मागायला आली आणि पीठ हातात घेऊन दारातच म्हणाली, तुमच्या मालकांना बाजारात बघितलं, त्या पेद्रोबाच्या दुकानी. संगं बाई होती. मी म्हटलं असेल कोणी गिऱ्हाईक. तर म्हणे, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, तोंड दिसू नये म्हणून पाठ करून बसलेली, आणि हे तिच्याशी बोलत होते. हे! बोलत होते! मी वरवर हसले, पण त्या दिवशीची आमटी दोनदा मीठ पडून खारट झाली.

पेद्रोबा कोण ते सांगते. शाळेच्या नकाशात अमेरिकेच्या खालच्या अंगाला मेक्सिको म्हणून मुलूख होता ना शालूबाई, तिथला हा माणूस. बोटीवर स्वयंपाक करणारा भटारी होता, मुंबईला उतरला, पास्कोला नावाच्या गोव्याच्या बाईशी लग्न केलं आणि तिच्या भावाच्या मागे इथे येऊन राहिला. खरं नाव पेद्रो, पण लोणावळ्याने त्याचा देव करून टाकला. तो आपल्या देशचं खाणं विकतो. मका चुन्याच्या पाण्यात उकडतो, पाट्यावर वाटतो आणि हातावर लहान भाकरीसारखी चानकी थापतो, आपण थापतो तशीच, फक्त पातळ. तीत उकडलेला घेवडा, कांदा, भाजल्या मिरचीचा ठेचा, आणि वरून लिंबू पिळून घडी करून हातात देतो. पहिल्यांदा लोक म्हणाले, गुरांचा मका आणि पानाला लावायचा चुना माणसांना घालतोय, हा एखाद दिवशी सगळ्या गावाला मारणार. आता त्याच्यापुढे हीऽ गर्दी. मी तोवर खाल्लं नव्हतं. त्या दुकानाचं नाव घेतलं की मला ती पदरवाली आठवायची.

आणि ऐन शिमग्याला हे दुपारीच घरी आले, हातपाय धुतले, टोपी झटकली आणि म्हणाले, "चल, बाजारात सोंगं बघायला जाऊ. पेद्रोबाचं काहीतरी खाऊ." लग्नाला चार वर्षं झाली, मला कधी कोपऱ्यावरच्या मारुतीला नेलं नाही, आणि आज एकदम पेद्रोबा! तू असतीस तर आनंदाने पातळ बदलायला गेली असतीस. मी गेले खरी, पण निऱ्या घालताना मनात एकच, हा माणूस काय झाकायला एवढा गोड वागतोय? झुंबरबाई दारातून म्हणालीच, जोडीनं निघालात, दृष्ट काढून ठेवा. तिच्या डोळ्यातलं मला कळलं.

बाजार मात्र बघण्यासारखा होता, ते कबूल करते. दिवेलागण झाली होती, दुकानांपुढे बत्त्या टांगल्या होत्या, डफाचा आवाज अंगात शिरत होता. एक वाघ आला, त्याच्या मागे राक्षस, मग दोन गोसावी. चिक्कीचा, तळणाचा, गुलालाचा असा सगळा मिळून वास. हे माझ्या पुढे चालत होते आणि दर चार पावलांनी मागे वळून मी आहे ना ते बघत होते. एरवी मला ते आवडलं असतं. आणि तेवढ्यात नवरीचं सोंग घेतलेला एक दाढीवाला यांच्या गळ्यातच पडला. लाडात येऊन म्हणाला, "अवं धनी, ही कोन आनली? मग मी कोन?" सगळा बाजार हसला. शिमग्याची थट्टाच ती, दर जोडप्याशी करत होता. पण आई, यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पेद्रोबाने यांना लांबूनच बघितलं. महिपतराव म्हणून त्याने जी हाक मारली ती डफावरून ऐकू आली. (यांचं नाव लिहिते आहे, तोंडाने थोडंच घेतेय.) हाक मारली आणि तो यांच्या पाठीमागे बघू लागला, कोणाला तरी शोधल्यासारखा. मी दिसले तसा त्याचा चेहरा गोंधळला. मग त्याने काय करावं? घासलेटाचं एक रिकामं खोकं ओढलं, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि मला खुणेने सांगितलं, बसा. भिंतीकडे तोंड! यांच्याकडे पाठ! हे धावले, खोकं गरकन फिरवलं आणि मला म्हणाले, त्याला काय कळतं, परदेशी माणूस. मी काही विचारलं होतं का? न विचारता उत्तर देणारा माणूस तुला ठाऊक आहे ना कसा असतो.

चानकी आली. झुंबरबाईचं ते बोलणं आठवून मी ती नुसती हातात धरून होते, पण पहिला घास पोटात गेला आणि माझं काही चालेना. घेवडा कसा लोण्यासारखा, मिरची आतून चढणारी, आणि त्या चुन्यातल्या मक्याला असा वास, की कणीस भाजताना येतो तोच, पण खोलवरचा. कुणाच्या हातचं खाल्लंस असं आता विचारू नकोस, पुढे त्यावर मलाच तुला विचारायचं आहे. मी दोन खाल्ल्या. हे मिटक्या मारत सराईतासारखे घडी धरून खात होते, एक थेंब सांडू न देता. मी पहिलीच पदरावर सांडली होती. पेद्रोबा लिंबाची फोड हातात घेऊन माझ्याकडे वळला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि यांनी चटकन ओठावर बोट ठेवलं. मी ते बघितलं. त्याने मुकाट्याने फोड माझ्या चानकीवर पिळली आणि पास्कोलाने नवऱ्याकडे डोळे वटारले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक. आंधळी तेवढी मी.

घरी येताना यांनी विचारलं, आवडलं का? मी म्हटलं, तुमच्याइतकी सवय नाही मला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. यांची टोपी हुंगून बघितली, सदरा उलटा करून बघितला. धुण्याला बसले की वाटायचं, आपण गाठोडं बांधावं. आणि बांधून? तळेगावचं तिकीट काढावं, वराळ्याच्या वाटेला लागावं, आणि आपल्या दारात उभी राहिले की तू आतून दार लावून घेणार, भंडाऱ्याला जागणार. मला तुझा एवढा राग कधी आला नव्हता. यांच्याहून तुझा जास्त. वाटलं, आज आई असती तर तिने या माणसाला उभं करून विचारलं असतं.

शेवटी रंगपंचमीला हे कामावर गेले तशी मी एकटीच पेद्रोबाकडे गेले. अजून गर्दी झाली नव्हती. मला बघून त्याने पुन्हा खोकं ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मी उभीच राहिले. म्हटलं, असं का ठेवता? तो आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "बाय लोक असंच बसतं ना? महिपतरावचं बाय असंच बसतं."

महिपतरावचं बाय! मी ते खोकं ओढून घेतलं. भिंतीकडे तोंड करून बसले आणि मनात म्हटलं, हीच तिची जागा. इथे बसून ती माझ्या नवऱ्याशी बोलते. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून मी भिंतीवरची ओल बघत राहिले. पास्कोला माझ्या पोटाकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि पाणी आणायला आत गेली. पेद्रोबाने चानकी भरली, ठेचा घातला, सुरी घेतली, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं मला विचारलं, "आंबटराव?"

मी मागे वळले. म्हटलं, काय म्हणालात? त्याला वाटलं मला मराठी येत नाही. त्याने लिंबू वर धरलं आणि लहान पोराला शिकवावं तसं म्हणाला, "आंबटराव. आं-बट-राव."

नंतर कळलं की तो सगळ्या लोणावळ्याला हाच शब्द विचारतो, आणि लोणावळ्याला वाटतं की मेक्सिकोत लिंबाला आंबटराव म्हणतात! झुंबरबाई तर त्याच्या दुकानी तो शब्द मोठ्या तोऱ्यात वापरते, साहेबी म्हणून. मी त्या खोक्यावर बसून हसायला लागले ती हसतच सुटले, मग रडायला लागले, आणि पेद्रोबा घाबरून बायकोला हाका मारू लागला. पास्कोलाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने सगळं सांगितलं. मका आणि घेवडा कोण आणून देतं, तळेगावच्या गाडीने बाजारच्या दिवशी कोण येतं, पदर कोण ओढून बसतं.

हे कामावरून आले तसं मी पाय धुवायला पाणी दिलं. ताट वाढलं, लिंबाची फोड ठेवली आणि म्हटलं, आंबटराव घ्या. यांचा घास हातातच राहिला. मग खाली बघून म्हणाले, "सासूबाईंनी शपथ घातली हुती, सांगू नगा म्हनून."

तर अशी तू, आई! तळेगावच्या हाटेलात पाण्याचा घोट न घेणारी बाई, पेद्रोबाच्या हातची चानकी खातेस! आबांना वाटतं घेवडा विकायला जातेस. जावयाच्या समोर तोंड करून खायचं नाही म्हणून तू खोकं भिंतीकडे फिरवलंस, आणि त्या बापड्या परदेशी माणसाला वाटलं, या मुलखात बायका नवऱ्याबरोबर अशाच बसतात. तुझ्या त्या मर्यादेपायी माझा संसार मोडायला आला होता. आंबोशी तुझी, बाळंतशोपा तुझ्या. पोरीला आंबटाचे डोहाळे असतील, तिला शिमग्याला इथे आणून खाऊ घाला, माझं नाव काढू नका, हेही तुझंच. माझ्या नवऱ्याने मला जन्मात एकदा फिरायला नेलं, तेही सासूच्या सांगण्यावरून! यांना मी चांगलं फैलावर घेतलं. पण नंतर दूधभात कालवून दिला, आणि हे पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, तुझी आई दर बाजारी भिंतीला एकच विचारते, माझी अंबू जेवती का नीट?

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. मला सातवा लागेल तेव्हा माझी ओटी भरायला कोणी नाही. झुंबरबाई भरीन म्हणते, पण मला तिच्या हातची नको. तुझा भंडारा मोडायला मी सांगत नाही, आबांनाही काही सांगायचं नाही. पण पेद्रोबाचं दुकान म्हणजे माझा उंबरा नाही, तिथलं पाणी माझ्या घरचं नाही, आणि तोंडाचं म्हणशील तर खोकी कशी मांडायची ते त्याला तूच शिकवलं आहेस. मी त्याला दोन मांडायला सांगितलं आहे, पाठीला पाठ लावून. भंडारा तू तोंडासाठी उचललास, पाठीसाठी नाही. येत्या बाजारी ये, तुझ्या खोक्यावर भिंतीकडे बघत बस, मी मागे बसलेली असेन. नारळ, खण काही आणू नकोस, आबा विचारतील. घेवड्याच्या पिशवीत आपल्या परसातले दोन आंबटराव टाक आणि हात मागे कर. मी ओटी पसरून बसते.

तुझीच,
आंबटरावाची अंबू